हरणाऱ्या संघात कर्णधाराने काय करावे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

फुटबॉलविषयीच्या या सदराकडे यंदाच्या हंगामात आलेल्या पत्रांमध्ये डावपेचांविषयीचे प्रश्न कमी आणि संघातल्या माणसांविषयीचे प्रश्न जास्त आहेत. संघ हरू लागला की खेळाडू एकमेकांशी कसे वागतात, कर्णधाराच्या हाती नेमके काय असते आणि ड्रेसिंग रूम फुटू नये म्हणून कोणी काय करायचे, हे विचारणारी पाच पत्रे निवडून त्यांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संघांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : मी कोल्हापुरातल्या एका तालमीच्या वरिष्ठ गटातील संघाचा कर्णधार आहे. या हंगामात आम्ही सलग पाच सामने गमावले असून गुणतक्त्यात तळाला आहोत. संघात सरळसरळ दोन गट पडले आहेत. एका बाजूला पेठेतली, लहानपणापासून तालमीत वाढलेली मुले आहेत आणि दुसऱ्या बाजूला हंगामापुरते मानधन देऊन आणलेले बाहेरगावचे व परदेशी खेळाडू आहेत. पेठेतली मुले म्हणतात, "पैसे यांना मिळतात, तर सामनेही यांनीच जिंकून द्यावेत." बाहेरचे खेळाडू म्हणतात, "आम्हाला चेंडूच मिळत नाही." मी दोनदा सगळ्यांना एकत्र बसवून कळकळीने बोललो, तालमीच्या नावाची शपथ घातली. त्या संध्याकाळपुरता फरक पडतो, पुढच्या सामन्यात पुन्हा तेच. मी आता काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत कामाचे वाक्य "आम्हाला चेंडूच मिळत नाही" हे आहे, कारण ते खरे की खोटे हे तपासून पाहता येते. शाहू स्टेडियमवर सामना असला की गॅलरीतून मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांची वानवा नसते. शेवटच्या पराभवाच्या पूर्वार्धाचे असे चित्रण मिळवा आणि दोन्ही गटांतला एकेक विश्वासू खेळाडू बरोबर घेऊन शांतपणे बघा. बाहेरून आणलेला खेळाडू मोकळा असताना त्याला चेंडू किती वेळा दिला गेला, किती वेळा टाळला गेला, आणि त्याच्या पायातून चेंडू गेल्यावर तो परत मिळवण्यासाठी तो स्वतः किती वेळा मागे धावला, एवढेच कागदावर मांडा. आकडे कोणत्याही बाजूने गेले तरी तुमचा फायदाच आहे. आरोप खरा ठरला तर पेठेतल्या मुलांसमोर ठेवायला तुमच्याकडे पुरावा असेल, आणि खोटा ठरला तर ती कुरबुर तिथेच थांबेल. संघातली फूट आधी पासमध्ये दिसते आणि भांडणात फार उशिरा दिसते. म्हणून दुरुस्तीही पासपासूनच सुरू करावी लागते.

त्यानंतर सरावाची मांडणी बदलून घ्या. डाव्या बाजूचा बचावपटू पेठेतला असेल तर त्याच्यापुढचा खेळाडू बाहेरचा ठेवा, आणि त्या दोघांना आठवडाभर एकत्रच सराव करू द्या. एकाने पुढे जायचे आणि दुसऱ्याने त्याची जागा राखायची, हा व्यवहार रोज शंभरदा झाला की त्या दोघांना एकमेकांची गरज आपोआप पटते. हे काम प्रशिक्षकांच्या संमतीनेच करायचे आहे. परंतु जोड्या कोणत्या लावायच्या हे त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त नेमके कळते, कारण कोण कोणाशी बोलत नाही हे कर्णधारालाच ठाऊक असते.

शपथेचा परिणाम का टिकत नाही, याचाही विचार करायला हवा. कोल्हापूरचा फुटबॉल तालमींनी आणि पेठांच्या ईर्ष्येने जिवंत ठेवला आहे, आणि पेठेतल्या मुलाला तालमीच्या नावाने भरून येते ते योग्यच आहे. परंतु हंगाम सुरू होताना आलेला आणि हंगाम संपताच परत जाणारा खेळाडू त्या नावात स्वतःला शोधू शकत नाही. तुम्ही ती शपथ घालता तेव्हा निम्म्या संघाला नकळत सांगता की हे घर तुमचे नाही. सर्वांना सारखे लागू होईल असे काहीतरी बोला : चेंडू गेल्यावर पहिली पाच पावले मागे कोण टाकतो, सरावाला वेळेवर कोण येतो, राखीव खेळाडू सामना चालू असताना उठून उभा राहतो की मोबाइल बघत बसतो. असे नियम करताना पहिला दंड स्वतःच्या गटातल्या माणसाला झाला पाहिजे. तुम्ही पेठेतले आहात, म्हणून तुमच्या बाबतीत तो पेठेतल्या मुलालाच व्हायला हवा.

आता सर्वांत अवघड भाग. पाच सामने हरलेल्या संघात बदल करावेच लागतात आणि कोणीतरी बाहेर बसतोच. ड्रेसिंग रूमची खरी परीक्षा तिथे होते. २०२२ च्या विश्वचषकात अर्जेंटिना सलग ३६ सामने अपराजित राहून कतारला पोहोचली आणि पहिल्याच सामन्यात, २२ नोव्हेंबरला, सौदी अरेबियाकडून १-२ अशी हरली. त्या रात्री मेस्सीने लोकांना या संघावर विश्वास ठेवायला सांगितले हे सर्वांच्या लक्षात आहे. परंतु प्रशिक्षक स्कालोनी यांनी पुढच्या सामन्यासाठी अकरापैकी पाच नावे बदलली हे फारसे कोणी आठवत नाही. लिआंद्रो पारेदेसची जागा गेली. लाउतारो मार्तिनेझची जागाही पुढे तरुण हूलियन आल्व्हारेझकडे गेली. दोघेही संघातले वजनदार खेळाडू होते आणि दोघांनी मनात आणले असते तर संघ दुभंगला असता. उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सविरुद्धचा निर्णय पेनल्टींवर गेला तेव्हा शेवटची, विजयाची पेनल्टी लाउतारोने मारली. पारेदेसने त्या सामन्यात आणि अंतिम सामन्यातही आपापल्या वेळी पेनल्टी गोलात घातली. तुमच्या संघातून जो पेठेतला मुलगा बाहेर बसेल, त्याच्याशी प्रशिक्षकांनी बोलल्यानंतर त्याच दिवशी तुम्ही बोला. त्याचे काम संपलेले नाही हे त्याला तुमच्या तोंडून कळू द्या आणि ते काम नेमके कोणते हेही सांगा.

आणखी दोन बारीक गोष्टी सांगतो. मध्यंतरात मिळणाऱ्या थोड्या वेळात सगळे बोलणे कोल्हापुरी मराठीत होत असेल, तर परदेशी खेळाडू कोपऱ्यात बाटली तोंडाला लावून बसून राहतो आणि आवाज चढले की आपल्यालाच शिव्या देत आहेत असे समजतो. बोललेल्यातली महत्त्वाची तीन वाक्ये त्याला हिंदीत किंवा इंग्रजीत सांगण्याची जबाबदारी एका मुलाकडे कायमची सोपवा. दुसरी गोष्ट तालमीतल्या ज्येष्ठ मंडळींची. त्यांचे प्रेम मोठे असते, पण संघ हरत असताना मध्यंतरात चार जण येऊन चार वेगळे सल्ले देतात आणि त्यातला प्रत्येक सल्ला कोणत्या ना कोणत्या खेळाडूच्या नावाने असतो. मध्यंतरात खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्याखेरीज कोणी आत येऊ नये, अशी विनंती त्यांच्यातल्या सर्वांत मान असलेल्या व्यक्तीकडे सामन्याच्या आधी, तालमीत जाऊन, नम्रपणे करा. त्यांनी शब्द दिला की बाकीचे ऐकतात.

तळाला असणे म्हणजे हंगाम संपला असे नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१४-१५ च्या हंगामात लेस्टर सिटी १४० दिवस तळाला होती. २९ सामन्यांनंतर तिचे अवघे १९ गुण होते. उरलेल्या ९ सामन्यांपैकी ७ जिंकून आणि एक बरोबरीत सोडवून ती ४१ गुणांसह चौदावी आली. वेस मॉर्गन हाच कर्णधार सुरुवातीला होता आणि शेवटीही होता, आणि संघाचा गाभाही तोच राहिला. पुढच्याच वर्षी बहुतांशी त्याच खेळाडूंनी लीग जिंकली.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो आणि एका कंपनीच्या संघात राखीव खेळाडू आहे. आम्ही सतत हरत आहोत. गेल्या सामन्याच्या मध्यंतरात प्रशिक्षक आणि आमचा प्रमुख आघाडीवीर यांच्यात खडाजंगी झाली आणि व्यवस्थापनाने त्याला संघातून काढले. त्याला परत घेतल्याशिवाय सरावाला जायचे नाही, असे सगळ्यांनी ठरवले आहे. मला हे पटत नाही, पण विरोध केला तर मीच फितूर ठरेन. शिवाय आमच्यात इतकी एकजूट यापूर्वी कधीच नव्हती. मग ती चुकीची कशी म्हणावी?

उत्तर : तुम्ही वर्णन केलेला प्रसंग जगाने एकदा फार मोठ्या मैदानावर पाहिलेला आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. २०१० च्या विश्वचषकासाठी फ्रान्सचा संघ दक्षिण आफ्रिकेत गेला होता. उरुग्वेशी बरोबरी झाल्यावर १७ जूनला पोलोक्वाने येथे मेक्सिकोने त्यांना ०-२ असे हरवले. त्या सामन्याच्या मध्यंतरात आघाडीवीर निकोला आनेल्का आणि प्रशिक्षक रेमाँ दोमेनेक यांच्यात वाद झाला. दोन दिवसांनी 'लेकिप' या क्रीडा दैनिकाने आनेल्काच्या तोंडची म्हणून एक शिवी पहिल्या पानावर छापली आणि महासंघाने त्याला मायदेशी धाडले. छापलेले शब्द आपले नव्हतेच, असे आनेल्का पुढेही सांगत राहिला. कर्णधार पॅट्रिस एव्हरा याने पत्रकारांसमोर येऊन सांगितले की, खरा प्रश्न आनेल्काचा नसून आतली गोष्ट बाहेर पोहोचवणाऱ्याचा आहे आणि त्याला शोधून काढले पाहिजे. २० जूनला नाइझ्ना गावातल्या मैदानावर चाहत्यांसमोर खुला सराव होता. तिथे एव्हराचा आणि शारीरिक तंदुरुस्तीचे प्रशिक्षक रोबेर द्युवेर्न यांचा कॅमेऱ्यांसमोरच वाद झाला, खेळाडू जाऊन बसमध्ये बसले आणि सराव झाला नाही. खेळाडूंचे निषेधाचे पत्र शेवटी प्रशिक्षक दोमेनेक यांनाच पत्रकारांसमोर वाचून दाखवावे लागले. दोन दिवसांनी यजमान दक्षिण आफ्रिकेने फ्रान्सला २-१ असे हरवले. तीन सामन्यांत एक गुण आणि एक गोल एवढ्यावर गटात शेवटचे राहून ते परतले. पुढे आनेल्कावर १८ सामन्यांची आणि एव्हरावर ५ सामन्यांची बंदी आली, आणि नवे प्रशिक्षक लोराँ ब्लाँ यांनी आपल्या पहिल्या सामन्यासाठी विश्वचषकातल्या २३ पैकी एकालाही निवडले नाही.

त्या दिवशी बसमध्ये सगळे बसले होते. एकजुटीची कमतरता तिथे नव्हती. परंतु त्या बसमधले सर्व जण खरोखर सहमत होते, असे मला वाटत नाही. बहुतेकांची अवस्था आज तुमची आहे तीच असावी. बाहेर बसणाऱ्याला फितूर म्हटले जाईल या भीतीने आत बसलेल्यांची संख्या कितीही मोठी असली तरी मैदानावर तिचा उपयोग होत नाही, कारण तिथे एकमेकांवर विश्वास लागतो आणि त्या बसमध्ये प्रत्येक जण शेजारी बसलेल्याकडे संशयाने बघत होता. एव्हराने कर्णधार म्हणून केलेली सर्वांत मोठी चूक मला बहिष्कारापेक्षा त्या आधीच्या वक्तव्यात दिसते. हरणाऱ्या संघाच्या कर्णधाराने आपल्यातल्या फितुराचा शोध जाहीरपणे सुरू केला, त्या क्षणी ड्रेसिंग रूममध्ये मोकळेपणाने बोलणे संपले.

याच्या शेजारी १९८२ चा इटलीचा संघ ठेवून बघा. स्पेनमधल्या त्या विश्वचषकात इटलीने पहिल्या गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले आणि केवळ एक गोल जास्त केल्यामुळे कॅमेरूनला मागे टाकून पुढची फेरी गाठली. वृत्तपत्रांनी खेळाडूंना, त्यांच्या मानधनाला आणि खासगी आयुष्यालाही लक्ष्य केले. तेव्हा खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणे बंद केले आणि सर्वांच्या वतीने फक्त कर्णधार, ४० वर्षांचा गोलरक्षक दिनो झॉफ बोलेल असे ठरवले. झॉफ स्वभावाने अत्यंत मितभाषी होता. आतल्या मतभेदांविषयी तो काही बोलणार नाही याची सर्वांना खात्री होती. या संघानेही जगासाठी दार बंद केले होते, पण बंद दाराच्या आत प्रशिक्षक एन्झो बेअर्झोत खेळाडूंसोबत होते आणि सराव चालूच होता. त्यानंतर त्यांनी अर्जेंटिना, ब्राझील आणि पोलंड यांना हरवले आणि अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला ३-१ असे नमवून विश्वचषक जिंकला.

तेव्हा तुमच्या सहकाऱ्यांना एक पर्याय सुचवा : सरावाला सर्वांनी जायचे, आणि आघाडीवीराच्या बाजूने कर्णधार व आणखी दोन ज्येष्ठ खेळाडूंनी व्यवस्थापनाकडे लेखी दाद मागायची. त्याचा अपमान झाला असेल तर तो मुद्दा पत्रात स्पष्ट लिहा, आणि त्याचे कोठे चुकले असेल तर तेही लिहा. ही सूचना सर्वांसमोर एकदम मांडू नका. आधी कर्णधाराला एकट्याला भेटा. तुमच्यासारखेच मत असलेले आणखी तीन-चार जण निघतील, याची मला जवळजवळ खात्री आहे.

प्रश्न : आमच्या क्लबने तीन महिन्यांचे मानधन थकवले आहे आणि त्याचा परिणाम खेळावर होतो आहे. पैशांचा विषय कर्णधाराने काढावा का? (नवी मुंबई)

उत्तर : काढावा, आणि लवकर काढावा. पैशांच्या बाबतीत गप्प राहणे म्हणजे निष्ठा, हा समज खेळाडूंनी सोडला पाहिजे. २०१४ च्या विश्वचषकाला निघताना कॅमेरूनच्या खेळाडूंनी बोनसचा प्रश्न सुटेपर्यंत विमानात बसायला नकार दिला होता. ब्राझीलमध्ये क्रोएशियाने त्यांना ०-४ असे हरवले, तेव्हा बेन्वा असू-एकोतोने आपल्याच संघातल्या बेंजामिन मुकांजोला मैदानावर डोक्याने धडक दिली. त्याच स्पर्धेत घानाच्या सरकारला ३० लाख डॉलरहून जास्त रोख रक्कम विमानाने ब्राझीलला पाठवावी लागली. पैसे पोहोचले, पण पोर्तुगालविरुद्धच्या शेवटच्या साखळी सामन्याच्या दिवशीच सुली मुंतारी आणि केव्हिन-प्रिन्स बोआटेंग यांची संघातून हकालपट्टी झाली आणि संघ बाहेर पडला. मागणी दोन्ही ठिकाणी रास्त होती, ती शेवटच्या घडीपर्यंत लोंबकळत ठेवली गेली हे घातक ठरले. तुम्ही थकबाकीचा तपशील सर्वांच्या सह्यांनी लिहून द्या, उत्तरासाठी तारीख मागा, आणि कोणाला किती मिळाले हे एकमेकांपासून लपवू नका. कर्णधाराने स्वतःचे पैसे सर्वांत शेवटी घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. संघातल्या सर्वांत कमी मानधनाच्या मुलाला आधी मिळाले की कर्णधाराचा शब्द पुढचा हंगामभर चालतो.

प्रश्न : माझी १७ वर्षांची मुलगी मडगावला मुलींच्या संघात गोलरक्षक आहे. संघ सारखा हरतो आहे आणि दोन सामन्यांत तिच्या चुकीने गोल झाले. त्या गोलांचे चित्रण मुलींनी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, कोणीतरी त्यावर हसण्याची चिन्हे टाकली, आणि कर्णधार मुलगी त्यावर एक अक्षर बोलली नाही. आता मुलगी सरावाला जायचे नाही म्हणते. मी कर्णधार मुलीच्या आईशी बोलावे का?

उत्तर : तुमची तळमळ मला समजते, तरीही बोलू नये असे मी सांगेन. आयांच्या पातळीवर गेलेला विषय मुलींच्या ड्रेसिंग रूममध्ये परत येतो तेव्हा तो अधिक कडू झालेला असतो, आणि तुमच्या मुलीला त्याची किंमत मोजावी लागते. प्रशिक्षकांना मात्र ग्रुपवरच्या प्रकाराविषयी अवश्य सांगा. खेळाडूच्या चुकीचे चित्रण थट्टेसाठी फिरवणे थांबवणे हे त्यांचे कर्तव्य आहे आणि त्यात त्यांनी एक दिवसही घालवू नये.

हे उत्तर त्या कर्णधार मुलीनेही वाचावे, म्हणून तिला उद्देशून लिहितो. मुली, गोल झाल्यानंतर खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत साधारण अर्धे-पाऊण मिनिट मिळते. कर्णधाराचे बरेचसे काम त्या वेळात होते. संघातली प्रत्येक जण त्या क्षणी तुझ्याकडे बघत असते. तू मान खाली घालून कमरेवर हात ठेवलेस, तर दोष कोणाचा हे तू न बोलताच जाहीर केलेले असते. १९५८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्वीडनने चौथ्याच मिनिटाला ब्राझीलवर गोल केला. तेव्हा मधल्या फळीतला दीदी चेंडू काखेत घेऊन, अजिबात घाई न करता, वाटेत सहकाऱ्यांशी बोलत मैदानाच्या मध्यापर्यंत चालत आला. पाच मिनिटांत ब्राझीलने बरोबरी साधली आणि शेवटी सामना ५-२ असा जिंकला. त्या संघाचा कर्णधार बेल्लिनी होता, दीदी नव्हे. म्हणजे हे काम करायला दंडावर पट्टी लागते असेही नाही. पुढच्या वेळी गोल झाला की आधी गोलरक्षकापाशी जा, चेंडू स्वतः जाळ्यातून काढ, आणि पुढे काय करायचे एवढेच तिला सांग. झालेल्या चुकीविषयी त्या वेळी बोलू नकोस. गोलरक्षकाच्या हातून सुटलेला चेंडू तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी मधल्या फळीत कोणीतरी गमावलेला असतो आणि बचावात कोणीतरी अडवायचा राहिलेला असतो; ते सगळे सोमवारी चित्रण बघताना सर्वांच्या नावासकट बोला.

तुमच्या मुलीला दिनो झॉफची गोष्ट सांगा. १९७८ च्या विश्वचषकात नेदरलँड्स आणि ब्राझील यांनी त्याच्यावर लांबून गोल केले, तेव्हा तो म्हातारा झाला, त्याची नजर गेली, अशी टीका इटलीत झाली. चार वर्षांनी त्याच हातांनी त्याने विश्वचषक उचलला. गोव्याला तर हे वेगळे सांगायला नको. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा भारताचे कर्णधारपद भूषवलेला गोलरक्षक याच भूमीने दिला आहे. तिने संघासमोर एकदा, स्वच्छ शब्दांत, आपली चूक मान्य करावी आणि नंतर तो विषय स्वतःहून काढू नये. सारखी क्षमा मागणाऱ्या गोलरक्षकासमोर बचावफळी बिचकत खेळते. सरावाला तिने या आठवड्यातच जावे. जितके दिवस जातील तितके परत जाणे अवघड होते.

प्रश्न : मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात क्रीडाशिक्षक आहे. आमच्या फुटबॉल संघाचा कर्णधार हा आमचा सर्वांत चांगला खेळाडू आहे, पण तो फारच अबोल आहे. सलग पराभवांमुळे काही मुलांनी मतदानाने नवा कर्णधार निवडण्याची मागणी केली आहे. मतदान घ्यावे का?

उत्तर : हरत्या हंगामाच्या मध्यावर मतदान घेऊ नये. अशा वेळी मते योग्यतेला पडत नाहीत, गटाला पडतात. शिवाय कोण कोणाच्या बाजूने आहे याची अधिकृत मोजणीच तुम्ही संघाच्या हाती देता. अबोलपणाला मी दोष मानत नाही. झॉफ अबोल होता. २०१८ मध्ये फ्रान्सने विश्वचषक जिंकला तेव्हा कर्णधार ह्युगो लॉरिस शांत स्वभावाचा होता, आणि सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये उभे राहून सहकाऱ्यांना पेटवण्याचे काम पोल पोग्बा करत असे. दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबुड केली नाही.

कर्णधार बदलणे भाग पडलेच, तर जुन्या कर्णधाराला कसे वागवले जाते आणि तो कसा वागतो यावर सगळे अवलंबून असते. याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच देशाचे आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार पी. के. बॅनर्जी होते. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कर्णधारपद त्यांच्याहून लहान असलेल्या, अवघ्या २४ वर्षांच्या चुनी गोस्वामी यांच्याकडे होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ०-२ असे हरवले. स्पर्धेभोवतीच्या राजकीय वादामुळे यजमान प्रेक्षक भारतीयांवर चिडलेले होते. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम कर्करोगाने आजारी होते. अशा संघात माजी कर्णधाराने तोंड फिरवले असते तर काहीच उरले नसते. ४ सप्टेंबर १९६२ रोजी त्याच दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिला गोल पी. के. बॅनर्जींनी केला, आणि दुसरा रहीम यांनी आघाडीवर खेळवलेल्या, डोक्याला टाके असलेल्या जर्नेल सिंगांनी. भारत २-१ असा जिंकला. मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारे गोमंतकीय फॉर्च्युनातो फ्रँको त्या संघात मधल्या फळीत होते. बंगाल, हैदराबाद, पंजाब, गोवा अशा वेगवेगळ्या भाषांच्या मुलांची ती ड्रेसिंग रूम होती, आणि तिने पराभवाने सुरू झालेली स्पर्धा सुवर्णपदकाने संपवली.

तुम्ही मतदानाऐवजी एक करा. प्रत्येक खेळाडूला कोरा कागद द्या आणि दोन प्रश्नांची उत्तरे नाव न घालता लिहायला सांगा : आपण एका गोलने मागे असताना मैदानावर कोणाचे ऐकावेसे वाटते, आणि घरची अडचण असेल तर संघातल्या कोणाला सांगावीशी वाटते. दोन्ही प्रश्नांना बहुधा वेगवेगळी नावे येतील, आणि त्यातले एखादे राखीव खेळाडूचेही असू शकेल. त्या दोघांना उपकर्णधार नेमा. पहिल्याकडे सामन्यातले बोलणे द्या, दुसऱ्याकडे नव्या मुलांची आणि बाहेर बसणाऱ्यांची विचारपूस द्या, आणि कर्णधारपद हंगाम संपेपर्यंत आहे तिथेच राहू द्या. कागद वाचून झाले की ते कोणाला दाखवू नका. नव्या नेमणुका संघासमोर जाहीर करण्याच्या आदल्या दिवशी सध्याच्या कर्णधाराला एकट्याला बोलावून सगळे समजावून सांगा, कारण ही बातमी त्याला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळता कामा नये.